शपथ आणि सोबत

उपवासकाळातील एका शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यानंतर, एक गृहस्थ आपल्या पत्नीसह आमच्या भेटीस आले. या गोष्टीला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. आम्ही तेव्हा नवखे धर्मगुरू होतो. "फादर, यांना शपथ द्या. देवासमोर घेतली म्हणजे मोडणार नाहीत," असे ती माउली म्हणाली. आम्ही त्यांचा हात पवित्र शास्त्रावर ठेवविला. आजपासून मरेपर्यंत दारूच्या थेंबाला शिवणार नाही, असे त्यांच्याकडून वदवून घेतले. मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि एक जीव वाचविल्याच्या समाधानात आम्ही त्या रात्री झोपी गेलो.

पाचव्या दिवशी ती बाई पुन्हा आली. तिसऱ्या रात्री तिच्या पतीचे हातपाय कापू लागले होते. भिंतीवर कोणी उभे आहे असे म्हणून ते ओरडू लागले. अखेर त्यांच्या म्हाताऱ्या आईनेच कोठून तरी घोटभर दारू आणून पाजली, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. हे ऐकून आम्हांस राग आला. पुढच्या रविवारी, नाव न घेता, देवाला दिलेला शब्द मोडणाऱ्यांविषयी आम्ही प्रवचन केले. ते गृहस्थ शेवटच्या बाकावर बसले होते. त्यानंतर ते मिस्साला आले नाहीत. काही महिन्यांनी त्यांची पत्नी रस्त्यात भेटली. आवाज न चढवता ती एवढेच म्हणाली, "फादर, शपथेनं त्यांची दारू सुटली नाही, देऊळ मात्र सुटलं."

हे वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. आमचे काय चुकले? शपथ चुकली की शपथ देणारा चुकला? या प्रश्नांचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासाकडे वळलो. तेथे आढळले की आमची चूक फार जुनी आहे आणि तिचे उत्तरही नवे नाही.

सवयीची साखळी

व्यसनाचे स्वरूप ख्रिस्तसभेला ठाऊकच नव्हते, असे म्हणता येणार नाही. चौथे शतक संपत असताना संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनात आपली आई संत मोनिका हिच्या बालपणीचा एक प्रसंग सांगितला आहे. पिंपातून द्राक्षारस काढून आणण्यासाठी घरचे तिला पाठवीत. केवळ गंमत म्हणून ती ओठांच्या टोकाने चव घेई. रोज थोडे थोडे वाढत जाऊन पुढे ती पेलाभर रस आवडीने पिऊ लागली. एके दिवशी घरातील दासीने भांडणात तिला 'पिणारी' म्हणून हिणवले आणि ते वर्मी लागून मोनिकेने ती सवय टाकली.

मोनिका लवकर सुटली. स्वतः ऑगस्टीन मात्र वासनेच्या बंधनातून इतक्या सहजी सुटले नाहीत. वाकडी इच्छा वासनेला जन्म देते, वासना पुरविली की तिची सवय होते आणि सवयीला विरोध झाला नाही की ती गरज बनते, अशी कडीला कडी जोडलेली साखळी त्यांनी वर्णिली आहे. जे करावेसे वाटते ते मी करीत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच करतो, हा संत पौल यांचा रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायातील आक्रोशही आपल्या परिचयाचा आहे. इच्छा असूनही इच्छा चालत नाही, ही अवस्था आपल्या पूर्वसूरींनी जाणली होती. तथापि पुढील शतकांत प्रवचनपीठावरून बहुधा एकच गोष्ट सांगितली गेली: दारुडा हा पापी आहे आणि त्याने मनात आणले तर तो आजच सुटू शकतो.

या समजुतीला धक्का दिला तो वैद्यांनी. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी १७८४ साली कडक मद्याच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली. पुढे, १८०४ साली, ब्रिटिश नौदलात सेवा केलेले स्कॉटिश डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी मद्यासक्तीवरील प्रबंध प्रसिद्ध केला. पिण्याची सवय हा मनाचा आजार आहे, असे ट्रॉटर यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. धर्मोपदेशकांनी शाप दिले, नीतिवेत्त्यांनी दोष दिला, पण रोग्याकडे रोगी म्हणून कोणी पाहिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. दोनशे वर्षांनंतर ती वाचताना आम्हांस आमचे त्या रविवारचे प्रवचन आठवले.

फादर मॅथ्यू यांची पदके

आम्ही दिली तशा शपथेची मोठी परंपरा आहे. तिचे सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे कपुचिन संघाचे आयरिश धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू. आयर्लंडमधील कॉर्क शहरात गरिबांत काम करणाऱ्या या धर्मगुरूंना विल्यम मार्टिन नावाच्या एका क्वेकर पंथीय गृहस्थांनी दारूबंदीच्या कार्यात ओढले. १० एप्रिल १८३८ रोजी फादर मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची प्रतिज्ञा करून पहिली सही केली. पहिल्या नऊ महिन्यांतच सुमारे दीड लाख लोकांनी नावे नोंदविली आणि पुढे ही संख्या लाखोंनी वाढली. लोक मैलोन्‌मैल चालत येत, रांगेने गुडघे टेकत आणि फादरांच्या मागून प्रतिज्ञेचे शब्द उच्चारीत. फादर प्रत्येकाला आशीर्वाद देत. प्रतिज्ञा घेणाऱ्यांना पदक मिळे. या पदकांपायी फादर स्वतः कर्जात बुडाले. देशातील मद्याचा खप इतका उतरला की सरकारी महसुलाला त्याची झळ पोहोचली.

मग १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. लाखो माणसे मेली. लाखो देशोधडीला लागली. १८४९ साली फादर मॅथ्यू अमेरिकेत गेले आणि दोन वर्षांनी थकलेल्या शरीराने परतले. ८ डिसेंबर १८५६ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांची चळवळ बरीचशी ओसरली होती.

ती केवळ दुष्काळाने ओसरली, असे आम्हांस वाटत नाही. प्रतिज्ञा घेणारा माणूस फादर मॅथ्यू यांच्यासमोर गुडघे टेकत असे. पण फादर दुसऱ्या गावी गेले की त्याच्यापाशी उरे ते पदक. त्या रात्री हात कापू लागले तर कोणाचे दार ठोठवावे, याचे उत्तर पदकावर कोरलेले नव्हते. ज्यांना प्यायची फक्त सवय होती ते सुटले. ज्यांना पिण्याचा आजार होता त्यांना अधिक काहीतरी हवे होते.

जे शपथेने साधले नाही ते पुढे कायद्याने साधण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेने १९२० साली देशभर दारूबंदी केली आणि १९३३ साली ती मागे घेतली. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्या काळातील हातभट्ट्यांच्या कथा आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितल्या आहेत. दुकान बंद करता येते. तलफ बंद करता येत नाही.

तीन महिन्यांची प्रतिज्ञा

फादर मॅथ्यू निवर्तले त्याच १८५६ साली डब्लिनच्या एका गरीब कुटुंबात मॅट टॅल्बट यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी ते मद्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरीस लागले आणि तेथेच त्यांना चटक लागली. पुढील सोळा वर्षे मजुरीचा पैसा गुत्त्यात गेला. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाचे फिडल चोरून त्यांनी मित्रांसह त्याची दारू प्यायली. १८८४ साली, हाती काम व पैसा नसताना, ते गुत्त्याबाहेर उभे राहिले. ज्यांना आपण वेळोवेळी पाजले त्यांपैकी कोणीतरी आत बोलावील, ही आशा होती. कोणीही विचारले नाही. ते घरी गेले आणि आईला म्हणाले की आपण प्रतिज्ञा घेणार.

क्लॉनलिफ येथील धर्मगुरूंनी त्यांना जन्मभराची नव्हे, तीन महिन्यांची प्रतिज्ञा दिली. ती पुढे सहा महिन्यांची झाली आणि मग आयुष्याची. पहिले महिने अत्यंत कठीण गेले. संध्याकाळी गुत्त्यांच्या वाटा टाळण्यासाठी ते एका देवळातून दुसऱ्या देवळात फिरत. खिशात पैसा ठेवीनासे झाले. ज्याचे फिडल चोरले त्या वादकाला त्यांनी पुष्कळ शोधले. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जाताना ते रस्त्यातच कोसळले आणि देवाघरी गेले. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना 'आदरणीय' घोषित केले.

टॅल्बट यांनी अंगावर बाळगलेल्या तपाच्या साखळ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती प्रतिज्ञेची मुदत. डोंगराच्या शिखराकडे बोट न दाखविता, पुढचा टप्पा तेवढा दाखविण्याचे शहाणपण त्या धर्मगुरूंपाशी होते. आमच्यापाशी ते नव्हते.

अ‍ॅक्रनची ती संध्याकाळ

दरम्यान अमेरिकेत आणखी एक प्रयोग होऊन गेला होता. १८४० साली बाल्टिमोरमधील सहा पियक्कडांनी एका गुत्त्यातच बसून दारू सोडण्याचा निश्चय केला आणि वॉशिंग्टनच्या नावाने मंडळ काढले. त्यांच्या सभांत उपदेशक नसत. सुटलेला माणूस आपली कहाणी सांगे. १८४२ साली अशाच एका मंडळापुढे भाषण करताना तरुण अब्राहम लिंकन यांनी मद्यपींचा धिक्कार करणाऱ्या जुन्या सुधारकांवर टीका केली होती आणि सहानुभूतीचा पुरस्कार केला होता. पण लाखोंची गर्दी जमल्यावर मंडळात राजकारण व वादविवाद शिरले आणि ते काही वर्षांत विरले.

त्यांचा धागा नकळत पुन्हा हाती आला तो १९३५ साली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारे बिल विल्सन अनेकदा इस्पितळात जाऊन आलेले मद्यासक्त होते. डिसेंबर १९३४ मध्ये, डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली असताना, त्यांना एक गहन आध्यात्मिक अनुभव आला आणि त्यांची दारू सुटली. त्यानंतर सुमारे पाच महिने ते दिसेल त्या मद्यपीला आपला अनुभव सांगत सुटले. एकही जण सुधारला नाही. उपदेश थांबवा आणि आधी आजाराविषयी बोला, असा सल्ला डॉक्टरांनी त्यांना दिला.

मे महिन्यात व्यवसायानिमित्त विल्सन ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी गेले. काम फसले. हॉटेलच्या दालनात ते एकटेच येरझारा घालीत होते. एका बाजूने मद्यालयातील हास्यविनोद ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि शहरातील चर्चांची यादी लावलेली होती. आपण आता पिणार, हे त्यांनी ओळखले. त्याच क्षणी त्यांना उमगले की आपल्याला दुसऱ्या एका मद्यपीची गरज आहे. त्याला वाचविण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. त्यांनी यादीतील एका धर्मोपदेशकांना फोन केला. त्यातून ओळखी निघत १२ मे, मातृदिनी, त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या स्थानिक शल्यचिकित्सकाशी पडली. डॉ. स्मिथ स्वतः बुडालेले होते आणि पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबायचे नाही असे ठरवून आले होते. ते रात्री अकरापर्यंत बसले. आजवर त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. पिण्याविषयी स्वानुभवाने बोलणारा हा पहिलाच. पुढे एकदा ते घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. तोच दिवस 'अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस' या बंधुसंघाचा जन्मदिन मानला जातो.

१९३९ साली त्यांच्या पुस्तकात बारा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत जन्मभराची शपथ नाही. दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली, देवावर भार, आपल्या दोषांचे दुसऱ्या माणसापुढे निवेदन, दुखावलेल्यांची भरपाई आणि हा संदेश पुढच्या पीडितापर्यंत नेणे, असा तो क्रम आहे. सभासद निश्चय करतो तो आजच्या दिवसापुरता. सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांना या पायऱ्यांत आणि संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'त विलक्षण साम्य दिसले. १९४०च्या हिवाळ्यात ते मुद्दाम विल्सन यांना भेटले, तेव्हा कळले की विल्सन यांनी तो ग्रंथ वाचलेलाच नव्हता. तेव्हापासून फादर डाउलिंग त्यांचे आध्यात्मिक मित्र झाले.

पोटाचा विकार म्हणून नोंद

अ‍ॅक्रनमध्येच एका धर्मभगिनीने या इतिहासाला हातभार लावला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर इग्नेशिया गॅव्हिन मूळच्या संगीतशिक्षिका. प्रकृती ढासळल्याने त्यांना सेंट थॉमस इस्पितळात रुग्णांच्या नोंदणीचे काम मिळाले होते. त्या काळी इस्पितळे मद्यपींना दारात उभे करीत नसत. १६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. स्मिथ यांच्या सांगण्यावरून सिस्टरांनी एका मद्यपीला 'जठराचा तीव्र दाह' अशी नोंद करून दाखल करून घेतले आणि रुग्णांच्या फुलांची व्यवस्था करण्याच्या खोलीत त्याची खाट लावली. १९५२ साली बदली होऊन क्लीव्हलंडला जाईपर्यंत त्यांनी आणि डॉक्टरांनी तेथे हजारो रुग्णांची सेवा केली. घरी निघालेल्या प्रत्येकाला सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत. पुन्हा प्यायची वेळ आली, तर पहिला घोट घेण्याआधी हा बिल्ला मला परत आणून द्या, एवढीच त्यांची अट असे.

फादर मॅथ्यू यांचे पदक आणि सिस्टर इग्नेशिया यांचा बिल्ला यांत केवढे अंतर! पदक म्हणे, 'तू शब्द दिला आहेस.' बिल्ला म्हणे, 'मोडायच्या आधी माझ्याकडे ये.' त्या अटीत एक दार उघडे राहत होते.

१९६१ साली विल्सन यांनी स्वित्झर्लंडचे प्रसिद्ध मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांना आभाराचे पत्र लिहिले. युंग यांनी पूर्वी एका अमेरिकन रुग्णाला, आता केवळ वैद्यकाने तुमचे भले होणार नाही, आध्यात्मिक परिवर्तनच हवे, असे प्रांजळपणे सांगितले होते आणि तो निरोप फिरत फिरत विल्सन यांच्यापर्यंत आला होता. उत्तरात युंग यांनी लिहिले की त्या माणसाची दारूची ओढ ही खालच्या पातळीवरील आध्यात्मिक तहानच होती. त्यासाठी त्यांनी पाण्यासाठी व्याकुळ झालेल्या हरिणीच्या स्तोत्राचा (स्तोत्र ४२) निर्देश केला. लॅटिनमध्ये मद्याला आणि आत्म्याला एकच शब्द आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

विज्ञानाची साक्ष

गेल्या सत्तर वर्षांत विज्ञानाने पुष्कळ उलगडा केला आहे. १९५४ साली माँट्रियलमध्ये जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांना आढळले की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य स्पर्श मिळावा म्हणून उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबतो. मेंदूतील याच यंत्रणेवर दारू, अफू, तंबाखू यांचा अंमल चालतो, हे पुढे स्पष्ट झाले. १९५६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने मद्यासक्तीला इस्पितळात उपचार मिळावेत असा आजार मानले. बाटली नसली तरी बंधन असू शकते, हेही मान्य झाले. जुगाराच्या अनावर ओढीला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली विकारांच्या यादीत स्थान दिले आणि २०१३ साली ती व्यसनांच्या वर्गात घातली. संगणकीय खेळांच्या आसक्तीला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जागा मिळाली. मटक्याचा आकडा लावणारा बाप आणि रात्रभर मोबाइलवर खेळणारा त्याचा मुलगा एकाच साखळीने बांधलेले असू शकतात.

त्या तिसऱ्या रात्रीचा अर्थही आम्हांस येथेच कळला. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, भास व झटके येऊ शकतात आणि योग्य उपचारांवाचून मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीची गरज असते. आम्ही त्या गृहस्थांना शपथ दिली. डॉक्टरांकडे नेले नाही. ज्या आईला आम्ही मनोमन दोष दिला, तिने कदाचित त्या रात्री मुलाचा जीव वाचविला असेल. नवऱ्याच्या जेवणात गुपचूप औषध कालविणाऱ्या भगिनींनीही सावध असावे. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. तलफ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत, पण ती रुग्णाच्या संमतीने व वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत. बंधुसंघाच्या मार्गाचीही परीक्षा झाली आहे. २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा संपूर्ण मद्यमुक्ती टिकविण्यात हा मार्ग इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे दिसले.

आपल्या अंगणात

हा इतिहास आपल्यापासून दूर घडला, तरी त्याची फळे आपल्या अंगणात आहेत. मुंबईत १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची स्थापना केली. स्वतः मद्यासक्तीतून सावरलेल्या या धर्मगुरूंनी बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसाधनेची जोड दिली. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या प्रोत्साहनाने व साहाय्याने, 'मुक्तांगण' सुरू केले. तरुणांना पोखरणाऱ्या गर्दचे ते दिवस होते. एकाची प्रेरणा ख्रिस्ती, दुसऱ्याची सामाजिक. पण दोन्हीकडे सावरलेला रुग्ण पुढच्या रुग्णाचा हात धरतो.

मग पाप आणि जबाबदारी यांचे काय, असे कोणी विचारील. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने सवय, अनावर आसक्ती व मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे स्पष्ट केले आहे. कमी होते याचा अर्थ काहीच उरत नाही असा नव्हे. मदत मागण्याची व ती स्वीकारण्याची जबाबदारी उरतेच. मात्र ती पार पाडता यावी म्हणून दार उघडे ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.

आम्ही आता जन्मभराची शपथ देत नाही. शपथ मागायला आलेल्याला आधी डॉक्टरांकडे नेतो, मग सभेला नेतो आणि पहिल्या सभेच्या दारापर्यंत सोबत चालतो. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहामागील एक खोली दर आठवड्याला अशा सभेसाठी मोकळी असते. आत काय बोलले जाते ते आम्हांस ठाऊक नाही. तेथे आमचे काम फक्त चहाचे सांगण्यापुरते असते.

ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या घरी आम्ही गेलो, पण फार उशिरा. त्यांच्या पत्नीने आम्हांस पाणी दिले, खुर्ची दिली आणि पतीच्या नावाने मिस्सा सांगितली. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, आता कोणी आलं तर त्याला एकट्याला परत पाठवू नका." दोन शतकांच्या इतिहासातून आम्ही जे शिकलो, ते तिने एका वाक्यात सांगितले होते.